बांध कोरला गेला, पुढे काय? हद्द ठरवण्यापासून ताबा मिळेपर्यंत

सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित सव्वादोन एकर जमीन आहे. तिच्या पूर्वेला ३३० फूट लांबीचा बांध. जुन्या मापात बरोबर दहा साखळ्या. साखळी ३३ फुटांची, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. आता हिशेब करा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वर्षाला एकच फूट आत आला तरी दहा वर्षांत ३३०० चौरस फूट, म्हणजे तीन गुंठे गेले. आजोबांच्या काळी त्या बांधावरून बैलगाडी जायची. २०१६ च्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा पावलापुढे पाऊल ठेवत चालावं लागलं, आणि बांधावरची जुनी बोर शेजारच्या नानांच्या उसात उभी होती. बोर काही चालत गेली नव्हती.

पुढची सात वर्षं तहसील, भूमी अभिलेख आणि दिवाणी कोर्ट यांच्या पायऱ्या झिजवल्या. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो. महाराष्ट्रातल्या खासगी जमिनीपुरतं आहे: शेत, गावठाणातलं घर, एनए (बिगरशेती) प्लॉट. सगळ्या लेखात एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी येणार आहे: हद्द वेगळी आणि ताबा वेगळा. मोजणी हद्द दाखवते, ताबा देत नाही. हे न कळल्यामुळे आमची दीड-दोन वर्षं फुकट गेली.

पहिल्या आठवड्यात करायचं ते

जेसीबी बोलवायचा नाही. तार उपटायची नाही, पीक कापायचं नाही. राग येतो, गावातले चार जण फूसही लावतात. पण समोरचा एकदा स्थिरस्थावर झाला की त्याला कायद्याच्या वाटेनेच काढावं लागतं, मग मालक कोणीही असो. डिसेंबर २००३ मध्ये रामे गौडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. तुम्ही स्वतः हात घातलात तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि ‘बळजबरीने काढलं’ म्हणणारा वादी तो होतो. तो तार घेऊन आत शिरतानाच दिसला तर मात्र तिथेच अडवा, हरकत घ्या, ११२ ला फोन करा. शिरणारा आणि बसलेला यांत कायदा फरक करतो, आणि हा फरक दिवसांवर ठरतो.

फोटो आणि व्हिडिओ काढा, पण नुसत्या मातीचे नकोत. विहीर, विजेचा खांब, झाड असं काहीतरी न हलणारं फ्रेममध्ये हवं. मूळ फाइल फोनमध्येच जपून ठेवा. पुढे कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं दिसतात. आमच्या बोरीची सावली वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत दिसत होती आणि तिच्याभोवतीचं हिरवं सरकत गेलेलंही.

मग शेजाऱ्याशी बोला, पण बोलण्यापाठोपाठ स्पीड पोस्टाने पोच घेऊन चार ओळींचं पत्र पाठवा. वकिलाची नोटीस नंतर. पहिलं पत्र साधं असावं:

‘आपल्या गटाच्या व आमच्या गटाच्या सामाईक बांधावर आपण अमुक तारखेच्या सुमारास नांगरट करून सुमारे इतके फूट आत आला आहात असे आमचे म्हणणे आहे. दोन्ही गटांची शासकीय मोजणी करून घेण्यास आम्ही तयार आहोत. मोजणी होईपर्यंत त्या पट्ट्यात नवीन लागण, बांधकाम अथवा कुंपण करू नये.’

या पत्रात तारीख आहे, हे महत्त्वाचं. पुढे सहा महिन्यांचा आणि बारा वर्षांचा हिशेब लागतो तेव्हा अशीच तारीख शोधावी लागते.

कागद

सातबारा सगळ्यांकडे असतो आणि सगळ्यांना तो मालकीचा दाखला वाटतो. तो महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते इतकंच. मालकी सिद्ध होते खरेदीखत, वाटपपत्र, मृत्युपत्र, वारसाच्या नोंदी आणि त्यामागच्या फेरफारांनी. म्हणून सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढा, खरेदी असेल तर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) काढा.

सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही. तीन गुंठे पूर्वेला गेले की पश्चिमेला, हे त्यावर कुठेच नसतं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा, जुनं टिपण (मूळ मोजणीचा मापांसह कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब) आणि गट एकत्रीकरणातून झाला असेल तर एकत्रीकरणाचा जबाब व योजनापत्रक मागा. टिपणात मापं साखळी-आण्यांत असतात. एक आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग, दोन फुटांहून जरा जास्त. गावठाणात किंवा शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवही लागते. एनए प्लॉटला मंजूर रेखांकन.

इथेच एक धोंड लागू शकते. सातबारा भावाभावांचा सामाईक असेल आणि सरकारी दप्तरात पोटहिश्श्याची फाळणीच नसेल, तर चुलतभावाने ‘तुमच्या’ भागात शिरणं हे कायद्याच्या नजरेत अतिक्रमण ठरवणं अवघड जातं. सामाईक मिळकतीत एकाचा ताबा सगळ्यांचा मानला जातो. तिथे औषध वेगळं: सगळे सहमत असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप, नसतील तर वाटपाचा दिवाणी दावा. हद्द कायम मोजणीवर पैसे घालवू नका.

मोजणी

अर्ज ई-मोजणीतून होतो, काम तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाचं. प्रकार लिहायचा ‘हद्द कायम’. १ डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच वेग ठेवले आहेत. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २००० आणि द्रुतगतीला ८००० रुपये असे दर लागू झाले. भरण्याआधी ताजा दर पाहून घ्या. अर्जात चारी बाजूंच्या लगतधारकांची नावं आणि पत्ते अचूक द्या. शेजारी वारला असेल तर वारसांची द्या. नोटीस चुकीच्या माणसाला गेली की सगळी मोजणी ‘आम्हाला नोटीसच नव्हती’ या एका वाक्यावर लटकते.

शक्य असेल तर दोन्ही गट मोजून घ्या. एकट्या आपल्या गटाची मोजणी केली की समोरचा वकील पुढे हमखास विचारतो, ‘माझ्या अशिलाचा गट मोजला का? त्याचं क्षेत्र भरतंय का?’ शेजारी तयार नसेल तर तसं त्याला लेखी विचारल्याचं वरचं पत्र कामी येतं.

पीक निघाल्यावरचा उन्हाळा निवडा. उभ्या उसात रोव्हर (उपग्रहाच्या आधारे जागा टिपणारं मोजणीचं यंत्र) घेऊन फिरता येत नाही, आणि मोजणी पुढे ढकलली जाते. आमच्या मोजणीला भूकरमापक (सरकारी मोजणीदार) सकाळी नऊला आले. त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलंच नाही, टिपण पसरलं आणि विचारलं, ‘शिवेचा दगड कुठाय?’ मग ओढा, जुनी विहीर, शिवेचा दगड हे धरून त्यांनी मापं जुळवली आणि दुपारी दोनच्या सुमारास उसाच्या सरीत फक्कीची पांढरी रेघ मारत चालत गेले. रेघ बोरीच्या बुंध्याला लागून गेली. नाना रेघेच्या पलीकडे छत्री घेऊन उभे होते, काही बोलले नाहीत. जबाबावर सही मात्र केली नाही.

सही केली नाही म्हणून मोजणी बाद होत नाही. त्याने नकार दिला असं पंचांसमोर लिहून घ्यायला सांगा. मजूर, खुणेचे दगड, पहार आपण न्यायची. दगड त्याच दिवशी रोवून त्यांचे फोटो काढायचे. हद्दीच्या निशाण्या मुद्दाम काढल्या तर महसूल अधिनियमाच्या कलम १४५ खाली दंड आहे, पण त्या दंडाची रक्कम इतकी किरकोळ आहे की त्याच्या भरवशावर कुणी झोपू नये.

काही दिवसांनी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. तिच्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेली असते, दोन्हींमधलं क्षेत्र आणि ते कोणाच्या वहिवाटीत आहे हेही. कोणती रेघ कशाची हे खाली टिपेत असतं. ती टीप वाचल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. मोजणी मान्य नसेल तर, तुम्हाला असो की शेजाऱ्याला, निमताना मोजणी मागता येते. ती उप अधीक्षक करतात, आणि तीही पटली नाही तर जिल्हा अधीक्षकांची सुपर निमताना.

आमच्याच नकाशाने आमचा दावा आडवा केला

दगड रोवले, पेढे वाटायचेच काय ते बाकी होतं. पुढच्या पेरणीला आमचा वाटेकरी फक्कीच्या रेघेपर्यंत नांगरायला गेला तर नानांची दोन्ही मुलं आडवी झाली. महिन्याभरात दोन दगड गायब. मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो. ‘आम्ही हद्द दाखवली. काढून द्यायचं काम आमचं नाही.’ उत्तर उर्मट वाटलं, पण बरोबर होतं.

मग आम्ही दावा लावला. आमच्या त्या वेळच्या वकिलांनी निरंतर मनाईचा दावा केला: प्रतिवादीने आमच्या वहिवाटीला हरकत करू नये. सोबत तात्पुरत्या मनाईसाठी निशाणी ५ चा अर्ज. पुरावा म्हणून ‘क’ प्रत जोडली. समोरच्या वकिलांनी आमचीच ‘क’ प्रत हातात घेतली आणि वाचून दाखवली: तीन आर (आर म्हणजे जवळपास गुंठाच) क्षेत्र प्रतिवादीच्या वहिवाटीत. ‘वादीच म्हणतोय ताबा आमचा आहे. मग हरकत कशाला करू नये?’ निशाणी ५ नामंजूर.

चूक साधी होती. जे आपल्या हातात आहे त्याच्या रक्षणासाठी मनाई असते. जे हातातून गेलं आहे त्यासाठी ताबा मागावा लागतो. २००८ च्या अनाथुला सुधाकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तीन ओळींत बसवलं आहे. ताबा तुमचा आणि मालकीबद्दल वाद नाही, तर नुसती मनाई पुरते. मालकीबद्दल वाद नाही पण ताबा गेला, तर ताबा आणि त्याला जोडून मनाई. मालकीवरच ढग आला आणि ताबाही गेला, तर मालकीची घोषणा, ताबा आणि मनाई असं तिन्ही मागा. वकिलाकडे जाताना ही तीन वाक्यं खिशात ठेवा आणि दाव्याच्या मसुद्यात ‘ताबा’ हा शब्द आहे का ते स्वतः पाहा. आम्ही पुढे दावा दुरुस्त करून ताब्याची मागणी घातली, वाढीव कोर्ट फी भरली, आणि तोवर दोन हंगाम गेले.

कोणता दरवाजा, हे घड्याळ ठरवतं

शेतजमिनीतून सहा महिन्यांच्या आत हुसकावलं असेल तर दोन वेगवान वाटा आहेत. पहिली, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. अर्ज तहसीलदारांकडे. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला, किंवा वहिवाटीचा रस्ता वा पाण्याचा पाट अडवला, एवढंच दाखवायचं. रस्त्याच्या वादांसाठी हे कलम लोकांना माहीत असतं, ताब्यासाठीही ते आहे हे फारसं कुणी सांगत नाही. अपील नाही, फेरतपासणी अर्ज होतो. दुसरी, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम ६. हा दिवाणी कोर्टातला दावा, घर-प्लॉटलाही चालतो, पण शासनाविरुद्ध चालत नाही. इथे मालक कोण हे कोर्ट बघतच नाही. सहा महिन्यांपूर्वी ताबा कोणाचा होता आणि तो संमतीशिवाय, कायदा डावलून गेला का, एवढंच. म्हणून हे दावे आटोपशीर असतात. हरलात तरी मालकीच्या आधारे वेगळा दावा करायची मुभा राहते.

हे सहा महिने बोलाचालीत, ‘दिवाळीनंतर बसू’ म्हणण्यात जातात. बसा जरूर, पण पाचव्या महिन्यात अर्ज दाखल करून मग बसा. फूट-फूट सरकलेल्या बांधाला मात्र ही वाट सहसा लागू पडत नाही, कारण नेमकं कधी हुसकावलं ती तारीखच सांगता येत नाही. आमचं तेच झालं.

तिसरी वाट महसुली आहे आणि मला ती अर्धवट वापरली जाते असं वाटतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १३५ आणि १३६ मध्ये हद्दीचा वाद मिटवून हद्द निश्चित करण्याची तरतूद आहे. आणि कलम १३८ म्हणतं की अशी हद्द ठरल्यावर जो चुकीच्या बाजूला बसला आहे त्याला जिल्हाधिकारी संक्षिप्त चौकशीने काढू शकतात. काढलेल्या माणसाला वर्षभरात दिवाणी दावा करता येतो. म्हणजे कागदावर तरी हद्द आणि ताबा यांना जोडणारा पूल महसूल कायद्यातच आहे. अडचण अशी की लोक साध्या मोजणीची ‘क’ प्रत जोडून १३८ चा अर्ज करतात, आणि समोरून पहिली हरकत येते: १३५-१३६ खाली हद्द ठरवल्याचा आदेश कुठाय? म्हणून अर्जात ही कलमं स्पष्ट लिहा, समोरच्याला सुनावणी देऊन हद्द निश्चितीचा लेखी आदेश मागा, आणि मगच १३८. तालुक्यात हा अर्ज प्रत्यक्षात कोणापुढे चालतो ते तहसील कार्यालयात विचारून घ्या.

बाकी सगळ्यांसाठी मालकीवर आधारलेला ताब्याचा दिवाणी दावा. मुदत बारा वर्षं.

‘बारा वर्षं झाली, आता माझी’

हे वाक्य प्रत्येक गावात कुणीतरी म्हणतंच. त्यात अर्धं खरं आहे. मुदत अधिनियम १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे समोरच्याचा ताबा ‘प्रतिकूल’ झाल्यापासून बारा वर्षांत दावा केला नाही, तर कलम २७ मुळे तुमचा हक्कच संपतो. २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालानंतर तर तो स्वतः वादी म्हणूनही हा हक्क मागू शकतो. घाबरण्यासारखंच आहे.

पण नुसतं बारा वर्षं बसून राहणं पुरत नाही. ताबा उघड, सलग आणि मूळ मालकाचा हक्क नाकारणारा हवा; तो कोणत्या तारखेपासून, मालकाला माहीत होतं का, हे सगळं त्यानेच सिद्ध करायचं. खंडाने दिलेली, वाटेकऱ्याला कसायला दिलेली किंवा ‘वापर म्हटलं’ म्हणून दिलेली जमीन अशी जात नाही, कारण तिथे सुरुवातच परवानगीने झालेली असते. म्हणूनच गावाकडची जमीन कुणाला कसायला देताना दर वर्षी दोन ओळींचा कागद करा. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. परदेशातून कुणाला कुलमुखत्यारपत्र देत असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

शासनाच्या जमिनीला ही मुदत तीस वर्षं आहे.

दाव्यात काय काय होतं

तुम्ही वादी, तो प्रतिवादी. समन्स लागलं की त्याला तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यावी लागते. त्या आधी निशाणी ५ वर सुनावणी; ताबा गेलेला असला तरी ‘वादग्रस्त पट्ट्यात बांधकाम करू नये, जमीन विकू नये’ एवढी मनाई किंवा ‘जैसे थे’ आदेश मागता येतो आणि तो मागावाच. आदेश मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २अ खाली अर्ज. शेजारीच आधी कोर्टात पळेल अशी शंका असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, टाकून ठेवा. नव्वद दिवस चालतं.

दावा चालू असताना त्याने जमीन तिसऱ्याला विकली तर? ‘लिस पेंडन्स’ची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी, नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून ठेवा. महाराष्ट्रात ही नोंदणी महत्त्वाची आहे, आणि वकील विसरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाव्याआधीची तुमची मोजणी ही तुमची मोजणी. ती सिद्ध करायला भूकरमापकाला साक्षीला बोलवावं लागतं, आणि त्याची बदली चार तालुके पलीकडे झालेली असते. त्यापेक्षा कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवल्यावर आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या आणि भूमी अभिलेखालाच कमिशनर करून दोन्ही गट मोजून मागा. आमच्या दाव्याचं चाक तिथेच फिरलं. कमिशनच्या मोजणीतही रेघ बोरीलाच लागून गेली, आणि नानांच्या वकिलांनी उलटतपास अर्ध्या तासात गुंडाळला.

खर्चाची भीती असेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आईच्या नावावर जमीन असताना मुलगा कर्ज काढून वकील लावतो, असं मी दोनदा पाहिलं.

पोलिस

‘दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.’ हे ऐकावं लागणार. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पोलिस हद्द ठरवू शकत नाहीत. पण उभं पीक मोडलं, तार तोडली, धमकी दिली, तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फौजदारी अतिक्रमण कलम ३२९, आगळीक (मालमत्तेचं नुकसान) ३२४, धमकी ३५१. तक्रार जमिनीबद्दल लिहू नका, घटनेबद्दल लिहा: किती वाजता, कोण, काय मोडलं, किती रुपयांचं. अदखलपात्र नोंद झाली तरी तिची प्रत घ्या. अशा तीन-चार प्रती जमल्या की निशाणी ५ ला वजन येतं. रक्तपात होईल अशी स्थिती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे हे ठरवून तो तात्पुरता राखू शकतात. पण तिथेही प्रश्न ताब्याचाच, मालकीचा नाही. कधी कधी शेजारीच ही वाट धरतो, सावध राहा.

बांधकाम असेल तर

पाया खणताना जागे व्हा. स्लॅब पडेपर्यंत गप्प बसून मग पाडून मागितलं तर कोर्ट पाडण्याऐवजी नुकसानभरपाईवर बोळवण करू शकतं. आज्ञात्मक मनाई, म्हणजे ‘हे काढून टाक’ असा हुकूम, कोर्टाच्या विवेकाधीन असतो. शहरात सोबत पालिकेकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली तक्रार करा आणि त्या बांधकामाचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. पालिका विनापरवाना भिंत पाडेल, पण पाडलेल्या भिंतीखालची दोन फूट जागा तुमच्या हातात देणार नाही. त्यासाठी पुन्हा दावाच.

अतिक्रमण गावच्या रस्त्यावर किंवा गायरानावर असेल तर ग्रामपंचायतीला अधिनियम १९५८ च्या कलम ५३ खाली अधिकार आहेत. ग्रामपंचायत हलत नसेल तर कुठल्या सदस्याचंच अतिक्रमण नाही ना ते पाहा. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही, आणि अपात्रतेच्या अर्जाला जितकी गती असते तितकी तुमच्या तक्रारीला नसते.

हुकूमनामा हातात आल्यावर

दावा जिंकला म्हणजे जमीन मिळाली असं नाही, हे एव्हाना ओळखीचं झालं असेल. आपणहून दिली नाही तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. ताब्याच्या हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत चालते, पण ‘भिंत काढा’ अशा आज्ञात्मक मनाईची मुदत फक्त तीन वर्षं. एकाच हुकूमनाम्यात दोन्ही असतील तर तीन वर्षंच समजून चाला.

दरखास्तीत कोर्ट ताबा वॉरंट काढतं, बेलीफ (कोर्टाचा अंमलबजावणी करणारा कर्मचारी) जागेवर येतो. त्या दिवशी भूकरमापकाची पुन्हा गरज पडते, कारण बेलीफला तीन गुंठे कुठून कुठपर्यंत हे कुणीतरी दाखवायला हवं. तो अर्ज आधीच करून ठेवा. विरोध होईल असं वाटत असेल तर पोलिस संरक्षणाचाही.

आमची गोष्ट मात्र दरखास्तीपर्यंत गेली नाही. कमिशनचा अहवाल आल्यावर नानांच्या धाकट्या मुलाने निरोप पाठवला. त्यांना आमच्या कोपऱ्यातून विहिरीचं पाणी न्यायला वाट हवी होती. आम्ही पाइपलाइनला दोन फूट दिले, त्यांनी तीन गुंठे सोडले, आणि २०२३ मध्ये लोक अदालतीत तडजोड झाली. कोर्ट फी परत मिळाली. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे तडजोडीत प्रत्येक माप लिहून घ्या आणि कमिशनचा नकाशा त्या तडजोडीचा भाग म्हणून जोडा. ‘बोरीपासून दक्षिणेला’ असं लिहिलेलं मी खोडायला लावलं. बोर उद्या वठेल.

ताबा पावती झाली त्याच दुपारी आम्ही सिमेंटचे पोल घेऊन ट्रॅक्टर आणला. पोल रेघेवर नाही लावले, दीड फूट आपल्या बाजूला आत घेतले. रेघेवर लावले असते तर पोल कोणाचे, हा पुढच्या पिढीचा वाद झाला असता. दर मे महिन्यात नांगरट झाल्यावर मी चारही दगडांचे फोटो काढून येतो. गेल्या वर्षी एक थोडा कललेला होता. नानांच्या मुलानेच फोन करून सांगितलं.